आजार आत्याला, अहवाल माझा: बीआरसीए चाचणी घरात आधी कोणाची व्हावी?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३४ वर्षे आहे. माझ्या आत्याला वयाच्या ३९व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि तो ट्रिपल निगेटिव्ह (ज्याच्या पेशींवर तीन ठराविक ग्राहींपैकी एकही नसतो अशा) प्रकारचा होता. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन असे सगळे उपचार तिने पार पाडले. आज ती ६१ वर्षांची आहे आणि तिची प्रकृती चांगली आहे. तिची आई, म्हणजे माझी आजी, माझ्या जन्माआधीच वयाच्या ५२व्या वर्षी गेली. तिला नेमके काय झाले होते हे आज कोणालाच सांगता येत नाही. 'पोटात पाणी झाले आणि चार-पाच महिन्यांत गेली' एवढेच घरात बोलले जाते. आईच्या माहेरी कर्करोगाचा एकही रुग्ण नाही. वडील ६७ वर्षांचे असून धडधाकट आहेत.

दोन वर्षांपूर्वी मला स्तनात गाठ हाताला लागली. ती साधी, फायब्रोअॅडिनोमाची निघाली आणि तो विषय तिथेच मिटला, परंतु त्या वेळी मला विचारला गेलेला एक प्रश्न अजून मनातून जात नाही. 'आईला, मावशीला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला आहे का?' असे मला विचारले गेले. मी आत्याचे सांगितले तेव्हा 'आत्या वडिलांकडची, तिचा इथे संबंध येत नाही' असे उत्तर मिळाले आणि कागदावर 'कौटुंबिक इतिहास नाही' अशी नोंद झाली.

मला ते पटले नाही, म्हणून मी स्वतःहून एका प्रयोगशाळेत अनेक जनुकांची एकत्रित चाचणी करून घेतली. अहवालात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या, स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांत रोगकारक बदल आढळला नाही असे लिहिले आहे, मात्र एटीएम नावाच्या जनुकात 'महत्त्व अनिश्चित असलेला बदल' आढळल्याचे म्हटले आहे. आता मी निश्चिंत व्हावे की घाबरावे, हेच कळेनासे झाले आहे. आत्याची चाचणी कधीच झालेली नाही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान अशी मला एक बहीण आहे आणि ती मला रोज विचारते की तिनेही ही चाचणी करावी का. हा दोष वडिलांकडून येऊ शकतो का, माझ्या अहवालाचा खरा अर्थ काय, आणि त्या एटीएममधील बदलावरून मी अंडाशय किंवा स्तन काढून टाकण्याचा विचार करावा का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गुणसूत्र

पाऊलवाट, मी जनुकीय समुपदेशनाचे काम करते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब होईल, कारण त्यात दोन-तीन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते एकेक करून सोडवावे लागतील.

सर्वप्रथम, आत्याचा संबंध नाही असे तुम्हाला सांगणे ही चूक होती, आणि दुर्दैवाने ती पुष्कळ ठिकाणी होते. बीआरसीए-१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे आणि बीआरसीए-२ हे १३व्या गुणसूत्रावर. या दोन्ही गुणसूत्रांचा लिंगनिश्चितीशी काहीही संबंध नाही. त्यांची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते आणि एक वडिलांकडून. त्यामुळे दोष असलेली प्रत वडिलांकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याच्या शक्यतेइतकीच असते, आणि पालकांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. वडील धडधाकट आहेत यावरून काहीच सिद्ध होत नाही. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या पुरुषाला त्यामुळे कर्करोग होण्याचे प्रमाण बरेच कमी असते, कारण ज्या दोन अवयवांना या दोषाचा सर्वाधिक फटका बसतो त्यांपैकी एक पुरुषाला नसतोच आणि दुसरा अगदी नाममात्र असतो. असा पुरुष आयुष्यभर निरोगी राहून तो दोष मुलींकडे सोपवू शकतो. ज्या घरात वडिलांना बहिणी कमी आणि भाऊ जास्त, तिथे दोन-दोन पिढ्या हा दोष कोणाच्याही नजरेस पडत नाही. बीआरसीए-२ मध्ये मात्र पुरुषांनाही प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होण्याचा धोका लक्षणीय वाढतो, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

आता तुमच्या आजीविषयी. 'पोटात पाणी होऊन काही महिन्यांत जाणे' हे वर्णन आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत आम्ही वारंवार ऐकतो, आणि ऐकताच कान टवकारतो. पोटात पाणी यकृताच्या आजारानेही होते, म्हणून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु पन्नाशीच्या स्त्रीमध्ये अंडाशयाचा कर्करोग पुष्कळदा नेमका असाच, उशिरा आणि पोट फुगल्यावर लक्षात येतो. आजी आणि तिची मुलगी यांच्याकडे एकत्र पाहिले तर चित्र बदलते. चाळिशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, तोही ट्रिपल निगेटिव्ह, आणि तिच्या आईला बहुधा अंडाशयाचा कर्करोग, एवढी माहिती बीआरसीए-१ ची शंका घेण्यास पुरेशी आहे. अंडाशयाचा संशय बाजूला ठेवला तरी तुमच्या आत्याचे निदान एकटेच चाचणीचा सल्ला देण्यास पुरेसे आहे.

हा दोष नेमके काय करतो, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. आपल्या पेशींतील डीएनएचे दोन्ही धागे अधूनमधून एकाच जागी तुटतात. ते तुटलेले टोक बिनचूक जोडण्याची जी यंत्रणा आहे, तिचे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे महत्त्वाचे कामगार आहेत. जन्मतः एक प्रत सदोष असली तरी दुसरी प्रत काम सांभाळते, म्हणूनच अशी मुलगी पूर्ण निरोगी जन्मते आणि निरोगी वाढते. पुढे एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, तर त्या पेशीला तुटलेले धागे कसेबसे, चुकत-माकत जोडावे लागतात, चुका साचत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहतो. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या गाठीचा अभ्यास करून ही 'दोन घावांची' कल्पना मांडली होती. ती इथेही लागू पडते. म्हणजे वारशाने कर्करोग मिळत नाही, दोनपैकी एक घाव आधीच बसलेला मिळतो.

किती धोका, हा पुढचा प्रश्न. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोष असलेल्या ९,८५६ स्त्रियांची माहिती तपासली गेली. वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के आढळले. अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के होते. तुलनेसाठी, ज्या देशांत स्तनाचा कर्करोग बराच आढळतो तिथेही सर्वसाधारण स्त्रीचा आयुष्यभराचा धोका १२-१३ टक्के असतो, आणि अंडाशयाचा एक टक्क्याच्या आसपास. मात्र याच आकड्यांतून हेही दिसते की दोष असूनही कित्येक स्त्रिया ऐंशीपर्यंत कर्करोगाशिवाय जगल्या. शिवाय स्तनाच्या सर्व कर्करोगांपैकी केवळ ५ ते १० टक्केच असे वारशाने आलेल्या दोषामुळे होतात.

आता तुमच्या अहवालाकडे येते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. 'रोगकारक बदल आढळला नाही' या एकाच वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात. कुटुंबात अमुक एक दोष आहे हे आधीच सापडलेले असेल, तोच दोष तुमच्यात शोधला गेला असेल आणि तो नसेल, तर तुमचे 'नाही' हे पक्के 'नाही' असते आणि तुमचा धोका सर्वसाधारण स्त्रीइतका धरता येतो. परंतु कुटुंबातला दोष कोणता हेच ठाऊक नसताना निरोगी व्यक्तीची चाचणी केली, तर त्या 'नाही'चा अर्थ 'आम्ही जिथे पाहिले तिथे काही सापडले नाही' एवढाच होतो. कदाचित आत्यात दोष असेल आणि तुम्हाला तो आलेला नसेल. कदाचित आत्यातही दोष नसेल. कदाचित दोष अशा ठिकाणी असेल जिथे तुमच्या चाचणीने पाहिलेच नाही. या तीन शक्यतांमध्ये आज फरक करता येत नाही.

तिसऱ्या शक्यतेविषयी थोडे अधिक. बहुतेक दोष हे डीएनएच्या एका-दोन अक्षरांतले असतात आणि ते क्रमवाचनात, म्हणजे डीएनएची अक्षरे ओळीने वाचताना, दिसतात. काही कुटुंबांत मात्र जनुकाचा एक संपूर्ण तुकडाच गळलेला असतो किंवा दोनदा आलेला असतो. दुसरी प्रत अखंड असल्यामुळे वाचताना सगळी अक्षरे जागेवर दिसतात आणि गळलेला तुकडा लक्षातच येत नाही. पुस्तकाच्या दोन प्रतींपैकी एकीची चार पाने फाटली असली आणि आपण दोन्ही एकत्र ठेवून वाचले, तर गोष्ट तुटत नाही, तसेच हे आहे. नेदरलँड्समधील कुटुंबांत बीआरसीए-१ मधले असे मोठे तुकडे गळण्याचे प्रकार १९९७ मध्ये नोंदवले गेले आणि तिथल्या बीआरसीए-१ दोषांमध्ये त्यांचा वाटा मोठा निघाला. ते पकडण्यासाठी प्रतींची संख्या मोजावी लागते. त्यासाठी एमएलपीए नावाची पद्धत वापरतात किंवा क्रमवाचनाच्या माहितीचेच वेगळे विश्लेषण करतात. तुमच्या अहवालाच्या शेवटी 'चाचणीच्या मर्यादा' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते कृपया वाचा.

एटीएममधल्या त्या अनिश्चित बदलावरून कोणताही अवयव काढण्याचा विचार करू नका. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे लिहिते आहे, कारण अशा बदलांवरून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे आहेत आणि ती टाळता आली असती. 'महत्त्व अनिश्चित' याचा अर्थ, हा बदल हानिकारक आहे की माणसामाणसांतल्या निरुपद्रवी फरकांपैकी एक आहे, हे सांगण्याइतका पुरावा आज जमलेला नाही. पुढे पुरावा जमतो तेव्हा असे बहुसंख्य बदल निरुपद्रवी ठरतात. निर्णय तोवर कुटुंबाच्या इतिहासावरून घ्यायचा असतो, त्या बदलावरून नव्हे. दर एक-दोन वर्षांनी त्याचे वर्गीकरण बदलले आहे का, एवढे प्रयोगशाळेला विचारत राहा.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की चाचणी आधी आत्याची व्हावी. ज्या व्यक्तीला आजार झाला, तिच्यात दोष सापडण्याची शक्यता घरात सर्वाधिक असते, आणि तिच्यात तो सापडला की बाकी सगळ्यांना नेमके काय शोधायचे ते कळते. धाकट्या बहिणीने तोपर्यंत थांबावे. नाहीतर तिच्याही हाती तुमच्यासारखाच अर्धवट कागद पडेल.

कैरव

उत्तम माहिती. मला एक शंका आहे. इतके खोलात जाण्याऐवजी दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी करत राहिले, तर अंडाशयाचा कर्करोग वेळीच सापडणार नाही का? आणि आहार-व्यायामाने हा धोका कमी होत नाही का?

गुणसूत्र

कैरव, पहिल्या शंकेचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण धोका असलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर बरीच वर्षे चाललेल्या चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आला. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने नियमित तपासणी करूनही अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अधिक धोका असलेल्या स्त्रियांतही या तपासणीने जीव वाचतात असे सिद्ध झालेले नाही. याचे एक कारण असे की यांतले अनेक कर्करोग मुळात अंडाशयात सुरू होतच नाहीत; ते बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी, सोनोग्राफीत न दिसणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यातून सुरू होतात आणि मग पसरतात. म्हणूनच बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांना, अपत्ये झाल्यानंतर, बीजवाहिन्या आणि अंडाशय दोन्ही काढण्याचा सल्ला दिला जातो: बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात. या शस्त्रक्रियेने त्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्के किंवा अधिक कमी होतो. थोडा धोका तरीही उरतो, कारण पोटाच्या आतल्या आवरणात तसाच कर्करोग क्वचित उद्भवू शकतो.

स्तनाच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ आशादायक आहे. दोष असलेल्या स्त्रीसाठी साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३०व्या वर्षापासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, अशी तपासणी करतात आणि ती उपयोगी पडते. व्यायाम करणे, वजन आटोक्यात ठेवणे, मद्य टाळणे हे सगळ्यांच्याच हिताचे आहे, परंतु ७२ टक्क्यांचा धोका त्याने सर्वसाधारण पातळीवर येत नाही, आणि आजारी पडलेल्या स्त्रीला 'तू काळजी घेतली नाहीस' असे सुचवणे तर सर्वस्वी चुकीचे आहे.

सावली

मी स्वतः बीआरसीए-१ दोष असलेली आहे. माझ्या मोठ्या बहिणीला ४१व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला, तिच्यात दोष सापडला आणि त्यानंतर ३६व्या वर्षी माझी चाचणी झाली. वरील उत्तरात जे लिहिले आहे त्याला मी अनुभवाची जोड देऊ इच्छिते, कारण 'अंडाशय काढावेत' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत आणि जगायला अवघड.

मी ३९व्या वर्षी ती शस्त्रक्रिया करून घेतली. दुर्बिणीतून झाली, दोन दिवसांत घरी आले. काढलेल्या बीजवाहिन्या पॅथॉलॉजीत पूर्णपणे, अगदी बारीक काप करून तपासल्या जाव्यात, असे माझ्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते; हे प्रत्येकीने विचारून घ्यावे, कारण नेहमीच्या पद्धतीने एक-दोन काप पाहिले तर सूक्ष्म कर्करोग निसटू शकतो. माझ्यात काही निघाले नाही. पण शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात रजोनिवृत्ती येऊन उभी राहिली. एरवी जी गोष्ट काही वर्षांत हळूहळू येते, ती एका रात्रीत आली. अंगाची लाही होणे, घामाने भिजून उठणे, झोप उडणे, सांधे धरणे, आणि विनाकारण रडू येणे. मला कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण सांगितलेले कळणे आणि अंगावर येणे यांत फार अंतर आहे.

मला स्तनाचा कर्करोग झालेला नसल्यामुळे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरके घेता येतील असे मला सांगण्यात आले. मी सहा महिने भीतीपोटी ती घेतली नाहीत. तो माझा चुकीचा निर्णय होता. इतक्या लवकर संप्रेरके थांबली की हाडे विरळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो, हे मला नंतर नीट समजले. आता मी ती घेते, दर दोन वर्षांनी हाडांची घनता तपासते आणि पुष्कळ बरी आहे. ज्यांना आधी स्तनाचा कर्करोग झाला आहे त्यांना मात्र सहसा हा मार्ग उपलब्ध नसतो.

स्तन मी काढलेले नाहीत. दोन्ही स्तन काढल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या एका भाचीने २९व्या वर्षी तो निर्णय घेतला आहे, तो मला पूर्णपणे समजतो. मी दरवर्षी एमआरआय करते. निकाल येईपर्यंतचे चार दिवस वाईट जातात, बाकीचे वर्ष चांगले जाते, आणि सध्या तरी मला हा सौदा मान्य आहे. पाऊलवाट, तुमच्यात दोष निघालाच तर लोक तुम्हाला एकच योग्य मार्ग सांगू पाहतील. अंडाशयाच्या बाबतीत तज्ज्ञांचे जवळजवळ एकमत आहे, ते ऐकावे. स्तनाच्या बाबतीत दोन्ही मार्ग मान्य आहेत, आणि तिथे निवड तुमची आहे.

निशिगंध

सगळ्यांचे वाचले. मला एका गोष्टीची काळजी वाटते, ती आत्याची. एकसष्ट वर्षांची स्त्री, बावीस वर्षांपूर्वीच्या आजारातून बाहेर पडलेली. तिला आता भाचीने येऊन सांगायचे की आमच्यासाठी रक्त दे, म्हणजे तुझ्यात खोट आहे का ते पाहता येईल? माझ्या सासूबाईंवर घरच्यांनी असाच दबाव आणला होता. दोष निघाला, आणि त्यानंतर त्या प्रत्येक नातीकडे पाहून डोळे पुसत असत. 'मीच दिले' हे त्यांच्या मनातून कधी गेले नाही. जाणून न घेण्याचाही अधिकार असतो, तो आत्यालाही आहे आणि त्या धाकट्या बहिणीलाही. ३४ वर्षांच्या बाईने तिच्या भीतीचे उत्तर दुसऱ्याच्या रक्तातून मागावे का, याचा विचार व्हावा.

गुणसूत्र

निशिगंध, तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत जे झाले ते वाचून वाईट वाटले, आणि अशी अपराधाची भावना मी अनेक मातांमध्ये पाहिली आहे. जाणून न घेण्याचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. याच कारणासाठी, मोठेपणी होणाऱ्या या आजारांसाठी लहान मुलांची चाचणी केली जात नाही. त्यांनी सज्ञान झाल्यावर ठरवावे, अशीच पद्धत आहे. चाचणीच्या आधी समुपदेशन व्हायला हवे, तेही याचसाठी.

परंतु एका ठिकाणी माझा मतभेद आहे, आणि पाऊलवाट यांनी हे नीट लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. आत्याची चाचणी भाचीच्या उपयोगाची आहेच. पण ती सर्वात आधी आत्याच्याच उपयोगाची आहे. तिला बीआरसीए-१ चा दोष असेल, तर तिचा धोका बावीस वर्षांपूर्वी संपलेला नाही. मी वर ज्या २०१७च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यातच असे आढळले की बीआरसीए-१ दोष असलेल्या स्त्रीला एका स्तनाचा कर्करोग झाल्यानंतर २० वर्षांत दुसऱ्या स्तनातही तो होण्याचे प्रमाण ४० टक्के होते. आणि तिचे अंडाशय तर अजून जागेवरच असतील; बीआरसीए-१ मध्ये साठीनंतरही त्यांचा धोका मोठाच असतो. तिला हे आजवर कोणी सांगितलेले नसेल, कारण तिला आजार झाला तेव्हा ही चाचणी सर्वत्र होत नव्हती. बीआरसीए-१ जनुक १७व्या गुणसूत्राच्या एका विशिष्ट भागात असल्याचे जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले, ते प्रत्यक्ष ओळखले गेले १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. त्यानंतरही अमेरिकेत बरीच वर्षे या जनुकांवर एका कंपनीचे पेटंट होते, जे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही असे म्हणत जून २०१३ मध्ये रद्द ठरवले. आणखी एक गोष्ट. दोष ठाऊक असेल आणि उद्या काही उद्भवलेच, तर उपचारही बदलतात. ज्या पेशीत बीआरसीए निकामी आहे ती पेशी पार्प या दुसऱ्या दुरुस्ती-यंत्रणेवर अवलंबून असते. ती यंत्रणाही औषधाने रोखली तर कर्करोगाची पेशी मरते आणि निरोगी पेशी तगते. ओलापरिब हे अशा औषधांपैकी पहिले, ते २०१४ मध्ये मान्य झाले.

म्हणून, आत्याला 'आमच्यासाठी रक्त दे' असे सांगू नका. 'तुझी तपासणी अर्धी राहिली आहे' असे सांगा. ते खरेही आहे. मग तिने नाही म्हटले तर विषय तिथेच सोडा.

आणखी एक राहिले. आत्यात बीआरसीएचा दोष निघाला नाही, तरी शोध संपत नाही. पीएएलबी-२ या जनुकातील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका पन्नास टक्क्यांच्या आसपास जातो. टीपी-५३, पीटीईएन, सीडीएच-१ ही जनुके दुर्मीळ पण महत्त्वाची आहेत. चेक-२ आणि एटीएम मधील खऱ्या रोगकारक दोषांनी धोका मध्यम वाढतो. गर्भाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगांची गर्दी असलेल्या घरांत लिंच सिंड्रोमचा, म्हणजे असे कर्करोग घराण्यात आणणाऱ्या वारशाच्या दोषाचा, विचार करावा लागतो. त्याचा इतिहास मला नेहमी आठवतो. १८९५ मध्ये पॅथॉलॉजिस्ट अल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले की तिच्या घरात सगळे अशाच आजारांनी जातात आणि तीही तशीच जाईल. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे उडवून लावले नाही; तिच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती स्त्री पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. तिला जनुक हा शब्दही ठाऊक नव्हता, पण तिच्या घराण्याविषयी ती अचूक बोलत होती. तुम्हीही 'आत्या' म्हणालात तेव्हा अचूकच बोलत होतात.

पाऊलवाट

पाच महिन्यांनी लिहिते आहे. उत्तर देण्यास उशीर झाला याबद्दल क्षमस्व. सगळे पूर्ण झाल्याशिवाय लिहू नये असे वाटत होते.

मी आत्याकडे गेले आणि 'तुझी तपासणी अर्धी राहिली आहे' असेच म्हणाले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, की शेवटच्या आजारपणात तिच्या आईचे पोट ती रोज टेपने मोजत असे आणि आकडे एका वहीत लिहीत असे. तिला तेव्हापासून हा प्रश्न पडला होता, फक्त विचारायचे कोणाला ते कळत नव्हते. चाचणीच्या आधी आम्ही दोघी मिळून समुपदेशकांकडे गेलो. आत्यात बीआरसीए-१ चा दोष निघाला, आणि तो अक्षराचा नसून दोन एक्झॉनचा (जनुकातील प्रत्यक्ष कामाच्या भागांचा) सलग तुकडा गळलेला आहे. मी माझ्या अहवालाच्या शेवटची बारीक अक्षरे वाचली. मोठे तुकडे गळलेले असल्यास या चाचणीत आढळणार नाहीत, असे तिथे सरळ लिहिलेले होते. मी ते दीड वर्ष वाचलेच नव्हते.

त्यानंतर वडील म्हणाले की आधी त्यांचे रक्त घ्या, त्यांच्यात नसेल तर मुलींना सुया टोचायची गरजच नाही. त्यांच्यातही तो आहे. त्यांना ते समजले त्या दिवशी ते निशिगंध यांच्या सासूबाईंसारखेच बोलले, आणि आत्याने त्यांची समजूत काढली, की हे त्यांनी मुद्दाम दिलेले नाही आणि त्यांच्या आईनेही नाही. आत्याचे अंडाशय आणि बीजवाहिन्या मागच्या महिन्यात काढल्या. सावली यांनी लिहिल्याप्रमाणे बारीक काप करून तपासायला सांगितले होते, अहवाल स्वच्छ आला. दुसऱ्या स्तनाचा एमआरआय आता दरवर्षी होईल.

माझा नमुना परवा दिला आहे, या वेळी फक्त त्या एका जागेसाठी. एटीएमच्या बदलाकडे मी सध्या पाहत नाही. धाकटीला आम्ही सगळे सांगितले, समुपदेशकांचा क्रमांक दिला. तिने अजून रक्त दिलेले नाही. तिला विचार करायचा आहे असे ती म्हणाली, आणि मी तिला पुन्हा विचारलेले नाही.